पिराजीला पाहिजे होतं लांबचं बेट

आमचा पिराजी चौगुले गळ टाकून बसला की उठत नाही. राजाराम बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला एक पसरट दगड आहे, त्यावर पोतं दुमडून तो रविवारी सकाळी बसतो आणि ऊन डोक्यावर आलं तरी हलत नाही. शेजारी मी. मला मासा लागला तर अख्ख्या कसबा बावड्याला कळतं. त्याला लागला तर शेजारी बसलेल्या मलाही पिशवीत काहीतरी फडफडल्यावरच कळतं. मी गुंडू. एसटीच्या वर्कशॉपात टायर बदलता बदलता म्हातारा झालो, त्यामुळं आवाज मोठा आणि सबूर कमी. पिराजीचं बरोबर उलटं. दोघांचं जमतं कसं, असं लोक विचारतात. जमतं कारण मी बोलतो आणि तो मासे धरतो.

माणूस मूळचा मुरगूडचा. तरुणपणी कोल्हापुरात आला, आधी इकडंतिकडं आणि नंतर कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत लागला, तो निवृत्त होईपर्यंत तिथंच. स्वभावाचा मासला सांगतो. एकदा कँटीनवाल्यानं शिळी उसळ वाढली. हा म्हणाला, उद्यापासून मी घरचा डबा आणणार. पुढं तो कँटीनवाला गेला, नवा आला, त्याच्यामागून आणखी एक आला, उसळीवर तर्री दिसायला लागली, बाकीची माणसं बोटं चाटायला लागली. हा आपला शेवटच्या दिवसापर्यंत डबा उघडून भाकरी मोडत बसला. भांडण नाही, राग नाही. एकदा ठरलं ते ठरलं. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? समोरून काही येतच नाही.

आता मुद्द्याचं. पिराजीला एकच लेक, अनुजा. तिच्या लहानपणी गांडुळांचा डबा तिच्याच हातात असायचा. गळाला गांडूळ लावायला बाकीच्या पोरी नाकं मुरडायच्या, ही दोन बोटांनी पटकन लावून द्यायची आणि बापाच्या शेजारी तेवढ्याच मुकाट्यानं बसायची. पुढं शिकली, लग्न झालं, जावई राजवर्धन चांगला मिळाला. आणि लग्नाच्या मांडवातच पिराजीनं आईकडून ऐकलेली रीत धरली. रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही, पाणी प्यायचं नाही. जुन्या माणसांत हे होतं, नाही असं नाही. पण आता कोण पाळतंय? मी माझ्या पोरीच्या सासरी लग्नानंतर आठवड्याच्या आत मटण ओरपून आलो होतो, आणि वर पांढरा रस्सा आणखी मागितला होता. पिराजीच्या बायकोनं, चिमणाबाई वहिनींनी, सुद्धा लेकीकडं जाऊन खुशाल जेवून घेतलं. पिराजी मात्र ‘एखाद्या वर्षाचा तर प्रश्न आहे’ म्हणून हसला आणि थांबला.

एखाद्या वर्षाची नऊ वर्षं झाली. अनुजाला मूल झालं नाही.

मधल्या काळात ती पुण्याला होती तेव्हा हा एकदा तिच्याकडं गेला होता. लेकीसाठी मुरगूडच्या शेतातल्या शेंगा घेऊन गेला, घरात बसला, बोलला, तिनं स्वयंपाक मांडला तेव्हा ‘जरा खाली जाऊन येतो’ म्हणून उठला आणि इमारतीच्या जिन्यात बसून चिमणाबाई वहिनींनी बांधून दिलेली भाकरी खाल्ली. अनुजा वरच्या कठड्यावरून बघत होती. ती आत गेली आणि मांडलेलं ताट उचलून ठेवलं. बापाचीच लेक. त्यानंतर तिनं त्याला कधी ‘या’ म्हटलं नाही. पुढं राजवर्धनला अंदमानात बंदराच्या कामावर नोकरी लागली आणि दोघं पोर्ट ब्लेअरला गेली. फोन यायचा तो आईला. बापाला फक्त ‘बरे आहात का’ एवढंच. एकदा मात्र तिनं त्याला थेट विचारलं होतं, वहिनींनी मला सांगितलं: “अप्पा, मला पोर न्हाय ही माझी चूक हाय का?” पिराजी ‘न्हाय’ म्हणाला. फोन तसाच हातात धरून बसला होता म्हणे.

ही तेढ जावयाला बघवेना. पोरगं हुशार. सासऱ्याला नुसतं ‘या’ म्हटलं तर येणार नाही हे त्यानं ओळखलं, आणि गळाला बरोबर गांडूळ लावलं. एके दिवशी त्यानं पिराजीच्या फोनवर मांडीएवढ्या माशांचे फोटो पाठवले. खाली निरोप, की अप्पा, इथं हौसेनं मासे धरायला लोक दिल्ली-मुंबईहून विमानानं येतात, बोट भाड्यानं मिळते, बेटं पुष्कळ आहेत, कुठं जायचं ते तुम्ही ठरवा, बाकी सगळं मी बघतो.

पिराजी ते फोटो बघत रविवारभर बसला. त्या दिवशी त्याच्या गळावरचा तरंगा दोनदा बुडाला आणि त्याला कळलं नाही, असं याआधी कधी झालं नव्हतं.

मग सुरू झाली बेट निवडायची भानगड. बंधाऱ्यावर जो येईल तो सल्ला द्यायला लागला. ज्यांनी आयुष्यात समुद्र पाहिला तो गणपतीपुळ्याला, तेही अंगारा लावून झाल्यावर तासभर, ते सगळे अंदमानातले जाणकार झाले. एकजण म्हणाला, हॅवलॉकला जावा, तिथं पर्यटक जातात म्हणजे मासाही असणार. दुसरा म्हणाला, पर्यटकांच्या गोंगाटानं मासा पळतो, उत्तरेला दिगलीपूरला जावा. तिसऱ्याचा एकच प्रश्न, धरलेला मासा घरी आणता येतो का. येत नाही, पुष्कळदा धरून सोडून देतात, असं कळल्यावर तो इतका नाराज झाला की त्यानं पिराजीशी बोलणंच टाकलं. मासा धरायचा तो कालवणासाठी, नाहीतर मग नदीवर बसून नुसतं ऊन का खायचं, असं त्याचं म्हणणं. माझंही तेच होतं, पण त्या विषयात मी गप्प बसलो. मला अंदमान बघायचं होतं.

पिराजीनं स्टेशनरीच्या दुकानातून अंदमान-निकोबारचा शाळकरी नकाशा आणला, बंधाऱ्यावरच्या दगडावर पसरला आणि चार कोपऱ्यांना चार खडे ठेवले. मग पिशवीतली गळाची दोरी काढली. दोरीचं एक टोक पोर्ट ब्लेअरवर अंगठ्यानं दाबलं, दुसरं टोक एकेका बेटावर नेऊन ठेवू लागला. नील बेट, नाही. हॅवलॉक, नाही. रटलंड, मान हलवली. दोरी वर वर जाऊ लागली, खाली खाली जाऊ लागली. जवळचं बेट आलं की तो कपाळाला आठ्या घालायचा, लांबचं आलं की जरा खुलायचा. निकोबारला परवाना लागतो, म्हणून शेवटी दोरी त्याच्या अलीकडं, लिटल अंदमानवर जाऊन थांबली.

“हितं मासा मोठा असणार,” तो म्हणाला.

आता मी एसटीत आयुष्य काढलंय, चाक कुठल्या बाजूला ओढतंय एवढं मला कळतं. तो मासा मोजत नव्हता, लेकीच्या घरापासूनचं अंतर मोजत होता. लिटल अंदमानला रात्रीच्या जहाजानं जायचं, म्हणजे विमानतळावरून थेट धक्क्यावर. घरात पाऊल नको, ताटावर बसायला नको, पाण्याच्या तांब्याला नाही म्हणायला नको. मला असा संताप आला की नकाशा गुंडाळून नदीत टाकावा.

“पिऱ्या,” मी म्हणालो, “पोरीला भेटायला चाललाईस का पोरीला चुकवायला?”

तो नकाशाची घडी घालत राहिला. घडी नीट पडेना, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.  पण माझ्या तिकिटाचे पैसे त्यानं आधीच जावयाला पाठवले होते, म्हणजे एकट्यानं जायची त्याचीही छाती नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी चिमणाबाई वहिनींनी मला दारात थांबवलं. त्यांना म्हशीमुळं निघता येत नव्हतं, आणि त्यांच्या मते त्यांनी येण्यात अर्थही नव्हता. त्यांनी कांदा-लसूण चटणीचा डबा माझ्या पिशवीत घातला आणि म्हणाल्या, “भावजी, मासं धरा न्हायतर धरू नका. पर ह्यास्नी तिच्या घरात एक घास खायला लावल्याशिवाय परत आणू नका. पोरगी आतनं झिजाय लागलीया.” एवढं बोलून त्या म्हशीकडं गेल्या. मला तो डबा फार जड वाटायला लागला.

बेंगलोरपर्यंत बस, तिथून विमान. विमानतळावर राजवर्धन गाडी घेऊन आला होता. पहिली बातमी त्यानं अशी दिली, की लिटल अंदमानच्या जहाजाची तिकिटं संपली आहेत, आठवडाभर जागा नाही. मी मनातल्या मनात अंबाबाईला हात जोडले. पिराजीचा चेहरा उतरला. मग म्हणतो कसा, “तर मग लॉजवर सोडा आमास्नी. सकाळी लौकर उठायचं असतंय.”  राजवर्धननं लॉजवर सोडलं, सामान खोलीपर्यंत उचललं, आणि जाताना विचारलं, उद्या कुठं जायचं ते तरी सांगा. जवळच खाडीच्या तोंडाशी मासे मिळतात, दुपारी जेवायला घरी येता येईल. किंवा रटलंड बेटाच्या पलीकडं खोल पाण्यात, पण ते लांब आहे, दिवस जातो, आणि समुद्र तिकडं हलतो.

“लांबचं,” पिराजी म्हणाला.

मग त्यानं बाजारातून पाण्याच्या बाटल्यांचा खोका विकत आणला. मी त्याच्याशी बोलणं सोडलं.

सकाळी धक्क्यावर गेलो तर बोटीजवळ अनुजा उभी. डोक्यावर कापडी टोपी, खांद्याला पिशवी, हातात स्टीलची बाटली. राजवर्धनला सुट्टी नव्हती, म्हणून ती आली होती, असं ती म्हणाली.  पिराजी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेला आणि मध्येच थांबून तिची पिशवी घ्यायला लागला. ती म्हणाली, ऱ्हाऊ द्या, जड नाही. माझ्या पाया पडली, त्याच्याही पडली. लेक थोडी वाळली होती, पण डोळे तेच, गांडुळाचा डबा धरून बसायची तेव्हाचे.

बोट निघाली. बंगाली बोटवाला हिंदीत बोलायचा, तेही कामापुरतं. पहिला अर्धा तास पिराजी ताठ बसला. मग किनारा मागं पडला, बोट खालून उचलली जायला लागली, आणि आमचा पंचगंगेचा वाघ पिवळा पडला. बंधाऱ्याच्या संथ पाण्याशेजारी आयुष्य काढलेला माणूस, त्याला समुद्राच्या हेलकाव्याची काय सवय? काठावर पोट टेकून तो ओकायला लागला. मला काही झालं नाही. गगनबावड्याच्या घाटात ज्यानं मागच्या सीटवर बसून प्रवास केलाय, त्याला समुद्र काय करणार? पिराजी चूळ भरायचा, घोट प्यायचा, तो घोटही बाहेर यायचा. असं करत करत खोक्यातल्या बाटल्या एकेक रिकाम्या होत गेल्या. अनुजा त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. दुसऱ्या हातातली बाटली तिनं एकदाही पुढं केली नाही.

रटलंडच्या पलीकडं बोट थांबली. बोटवाल्यानं जाड काठी दिली, तिला मोठं रीळ, आणि दोरीच्या टोकाला गांडूळ नाही, कणीक नाही, तर रंगवलेला लाकडी मासा. पिराजीनं तो उलटापालटा करून बघितला. तेवढ्या अवस्थेतही त्याला हसू आलं. माशाला फसवणारं असलं लाकूड आपल्याकडं मुनिसिपालटीत निवडून येईल, असं मी म्हणालो. दोनदा फेकून त्यानं काठी अनुजाच्या हातात दिली आणि पुन्हा काठावर वाकला.

तिनं फेकला. लाकडी मासा पाण्यावर डुचमळत, तोंडानं पाणी उडवत येत होता, आणि अचानक त्याच्या जागी पाण्याला मोठा खड्डा पडला. रीळ किंचाळायला लागलं. अनुजा पुढं ओढली गेली, मी तिच्या कमरेचा पट्टा धरला, आणि पिराजी ओकायचं विसरला.

“दे, दोरी दे त्याला,” तो ओरडला. इतक्या वर्षांत मी त्याचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता. “वडू नको. जाऊ दे जातंय तिकडं. आता थांबला, आता घे. हळू, अनू, हळू.”

किती वेळ चाललं कोण जाणे. बाप तिच्या पाठीशी उभा राहून तिच्या कोपराला आधार देत होता आणि ती दात खाऊन रीळ फिरवत होती. शेवटी बोटीच्या कडेला आला तो रुंद कपाळाचा, राखी-चंदेरी, चांगला मांडीएवढा मासा. बोटवाल्यानं फोटो काढला, गळ सोडवला आणि मासा पाण्यात सोडून दिला. पिराजी आ वासून बघत राहिला. त्या क्षणी मला बंधाऱ्यावरच्या त्या नाराज गृहस्थाची आठवण झाली आणि खरं सांगतो, मीही पिशवीतला चटणीचा डबा उगीच चाचपला.

मग सगळी दमून बसली. बोट हलत होती. पिराजीचे ओठ वाळून पांढरे झाले होते. त्यानं खोक्यात हात घातला, बाटल्या हलवून बघितल्या, सगळ्या रिकाम्या. अनुजा समोर बसली होती. स्टीलची बाटली तिनं दोन गुडघ्यांत धरली होती, घरून भरून आणलेली. ती बाटलीकडं बघत होती, बापाकडं नाही. मला तिचं समजत होतं. एकदा पुढं करायची आणि बापानं नाही म्हणायचं, हे पुन्हा तिला सोसणार नव्हतं.

“अनू,” पिराजी म्हणाला, “तुला वाटतंय मी तुला शिक्षा केली.”

“मग काय केलं, अप्पा?”

 त्याला बोलायची सवय नाही, शब्द गोळा करायला वेळ लागतो. “मी थांबलोय,” तो म्हणाला. “मी पाणी प्यालो की मान्य केल्यासारखं झालं, की आता न्हाय व्हायचं. आई म्हणायची, बापानं धरून ठेवावं. मी धरून ठेवलं. मी सोडलं आणि त्यामुळं तुला झालं न्हाय, असं हुईल म्हणून भ्यालो.”

मी त्याला तरुणपणापासून ओळखतो असं मला वाटत होतं. मला यातलं काही माहीत नव्हतं. मी त्याला हट्टी म्हणत होतो, दगड म्हणत होतो, आणि हा माणूस नऊ वर्षं एकटा उपास धरून बसला होता. माझा संताप कुठं गेला कळलं नाही.

अनुजाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण आवाज स्थिर होता. “अप्पा, आम्ही थांबलो न्हाय आता. लई डॉक्टर केले, लई सुया टोचून घेतल्या. मग दोघांनी बसून ठरवलं, बास. दोन वर्षं झाली. त्या दिवसापास्नं मला झोप लागतीया. आमचं दोघांचं ब्येस चाललंय. वाट बघायचं तुमचं एकट्याचंच ऱ्हायलंय.”

“खरंच बरं हाईस?”

“व्हय, अप्पा. तुमी घरात जेवत न्हाईसा, तेवढंच दुखतंय.”

मला तिथं बसवेना आणि उठून जायला तर चारी बाजूंनी पाणी. काहीतरी करायचं म्हणून मी माझ्या पिशवीतून माझी अर्धी बाटली काढली आणि पिराजीपुढं धरली. त्यानं ती हातानं बाजूला सारली.

“तुझं ठेव गुंड्या,” तो म्हणाला, आणि समोर हात पसरला. “अनू, तुझ्याकडचं दे.”

तिला पटकन टोपण निघेना. त्यानंच पुढं होऊन काढलं. बाटली दोन्ही हातांनी धरून तो प्यायला लागला, थांबेचना, पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर सांडत होतं. मला इतकं हलकं वाटलं की मी मोठ्यानं हसलो, आणि हसता हसता नाक पुसायला लागलो. पिराजीच्या पोटातला घोट या खेपेला आतच राहिला.

“थोडं ठेवा की मला, अप्पा,” अनुजा म्हणाली.

पिराजीनं बाटली खाली केली, हलवून बघितली. तळाला उरलं होतं तेवढं तिला दिलं.

“घरात हाय का पाणी?” त्यानं विचारलं.

“हाय की.”

“मग चला घरी. भूक लागलीया.”

दिवस अजून पुष्कळ होता. बोटवाल्याला मराठी येत नव्हतं, म्हणून मीच त्याला हिंदीत सांगितलं, की बाबा, बोट फिरव.